वाचक विचारतात : बिऱ्हाड पाठीवर घेतलेली बॅले कंपनी

प्रश्न : लंडनमध्ये रॉयल बॅले असताना ‘इंग्लिश नॅशनल बॅले’ ही दुसरी कंपनी कशाला? एकाच कामाला सरकारनं दोनदा पैसे का मोजायचे?

काम एक नाही, म्हणून. रॉयल बॅलेचा मुक्काम कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसमध्ये. ही दुसरी कंपनी जन्मापासून फिरस्ती. ख्रिसमसला ती लंडनच्या कोलिझियममध्ये असते, पण ते थिएटरही ऑपेरावाल्यांचं. बाकी मँचेस्टर, लिव्हरपूल, साउदॅम्प्टन अशी गावं. कलांना सरकारी पैसा वाटणारी संस्था, आर्ट्स कौन्सिल, अनुदान देते ते मुख्यतः हिंडण्यासाठी, लंडनबाहेरच्या माणसाला मोठा बॅले त्याच्या गावात बघता यावा म्हणून.

सुरुवात अलिशिया मार्कोव्हा आणि अँटन डोलिन या दोन नर्तकांची. नावं रशियन वाटतात, पण दोघंही अस्सल इंग्लंडचे. ही नावं रशियन निर्माते दियागिलेव्ह यांच्या बॅले कंपनीतली. त्यांच्या जोडीला ज्युलियन ब्राउन्सवेग हा वॉर्सात जन्मलेला ठेकेदार. ठेकेदार म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण हा माणूस नसता तर कंपनी उभी राहिली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. 1951 चा ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा राष्ट्रीय महोत्सव तोंडावर आला होता, म्हणून नाव ठेवलं ‘फेस्टिव्हल बॅले’. 24 ऑक्टोबर 1950 ला लंडनच्या स्टोल थिएटरात पहिला हंगाम सुरू झाला. मार्कोव्हा 1952 मध्येच बाहेर पडल्या. डोलिन 1961 पर्यंत राहिले.

कंपनी गल्ल्यावर जगायची, त्यामुळे एक निर्मिती अंगाशी आली की सगळंच डोलायला लागायचं. साठच्या दशकाच्या मध्यात ‘स्वान लेक’वर वारेमाप खर्च झाला आणि कंपनी दिवाळखोरीच्या दारात पोचली. वेस्ट एंडमधले निर्माते डोनाल्ड अल्बरी यांनी ती सावरली. आजचं नाव 1989 चं.

गल्ल्याची ही सवय अजून मोडलेली नाही, आणि मोडू नये. ‘नटक्रॅकर’ 1950 पासून जवळपास दर ख्रिसमसला होतो. समीक्षक कंटाळतात, पण थिएटर भरतं ते त्यावरच. 1997 मध्ये तेव्हाचे संचालक डेरेक डीन यांनी ‘स्वान लेक’साठी रॉयल अल्बर्ट हॉलच्या गोल रिंगणात 60 हंसिणी नाचवल्या, तेव्हाही बऱ्याच जाणकारांनी ‘तमाशा’ म्हणून हिणवलं. रिंगणात विंगा नसतात, पाठ लपवायला जागा नसते, चारही बाजूंनी रांगा सरळ दिसाव्या लागतात. हिणवण्याआधी तेवढं गणित मांडून बघावं.

प्रश्न : दर आठवड्याला थिएटर बदलतं म्हणजे नर्तकांच्या दृष्टीनं नेमकं काय बदलतं?

पायाखालची जमीन, अगदी शब्दशः. मी बरीच वर्षं विंगेत काढली आहेत, त्यामुळे सेट कसा लागतो हे बघण्याआधी माझी नजर फरशीकडे जाते. ब्रिटनमधल्या पुष्कळ जुन्या थिएटरांचा रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असतो. मागच्या गावात सपाट फळ्यांवर गिरक्या घेतलेली मुलगी इथे त्याच जोरात फिरली तर पुढे ढकलली जाते. तोल पुन्हा शोधावा लागतो. कंपनी स्वतःची व्हायनिलची फरशी गुंडाळ्या करून ट्रकमधून नेते. पट्ट्या शेजारी शेजारी अंथरायच्या, ताणायच्या, सांधे चिकटपट्टीनं बंद करायचे. एखादी कड उचललेली राहिली तर घोटा गेलाच म्हणून समजा. मग दिवे, मग पडदे. आणि हे चाललेलं असतानाच कुठल्यातरी कोपऱ्यात हलवता येणारे बार, म्हणजे सरावात धरायचे दांडे, मांडून सकाळचा क्लास. तो चुकत नाही, प्रमुख नर्तिकेलासुद्धा नाही.

पॉइंट शूजचं, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायला घालतात त्या बुटांचं, तर वेगळंच. टोकाचा कडकपणा लाकडाचा नसतो. कापड, कागद आणि खळ यांच्या थरांचा असतो. घाम लागला की तो मऊ पडतो, म्हणून मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोडी संपू शकते. नवी जोडी तशीच घालत नाहीत. तळवा वाकवायचा, टोक जमिनीवर आपटून आवाज मारायचा, फिती स्वतःच्या हातानं शिवायच्या. प्रयोगाआधी कुणाच्याही मांडीवर सुईदोरा दिसेल.

प्रश्न : माझी मुलगी कथक शिकते. अक्रम खान यांच्या ‘जिझेल’मध्ये कथक आहे असं ऐकलं. तिनं त्यात काय बघावं?

घुंगरू शोधू नका, सापडणार नाहीत. नृत्यदिग्दर्शक अक्रम खान यांचा जन्म लंडनचा, घर बांगलादेशी, कथकचे गुरू पंडित प्रताप पवार. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तेव्हाच्या संचालिका तमारा रोहो यांनी त्यांना ‘जिझेल’ दिलं आणि सप्टेंबर 2016 मध्ये मँचेस्टरच्या पॅलेस थिएटरात पहिला प्रयोग झाला. या निर्मितीत त्या स्वतःही जिझेल झाल्या. पहिला प्रयोग लंडनला नाही, हेही लक्षात घ्या.

मूळ 1841 च्या बॅलेतली जिझेल ही खेड्यातली पोर. इथे ती बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातली स्थलांतरित कामगार आहे. मागे एक अवाढव्य भिंत. ती फिरते तेव्हा पलीकडचे मालक दिसतात.

पहिल्या अंकात मुलीला घोळक्याकडे बघायला सांगा. पावलं जमिनीत रुततात, वजन खाली जातं, हात आणि मान तालाच्या आधारानं तुटक वळतात. तिथे तिला ओळखीचं काहीतरी लागेल. दुसऱ्या अंकात मेलेल्या कामगार मुली हातात काठ्या घेऊन पॉइंटवर येतात. एरवी पॉइंट म्हणजे हलकेपणा. इथे त्या टोकावर इतका वेळ राहतात की बघणाऱ्याचेच पाय दुखायला लागतात. कथकवाल्या मुलीनं पावलांचा हा उलटा वापर नीट बघावा, आणि नंतर तिच्या गुरूंशी त्यावर भांडावं. मला स्वतःला दुसरा अंक पहिल्यापेक्षा बराच सरस वाटतो. पहिल्यात गोष्ट अधूनमधून धूसर होते, म्हणून कथानक आधी वाचून ठेवा.