कीश, पारी आणि भानोलं

म्हापशाहून एका ताईंनी विचारलं आहे: “आमच्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तिकेसाठी मी भाज्या आणि अंडी घालून ओव्हनमध्ये करतात तो पदार्थ लिहून देतेय. शीर्षक दिलंय ‘भाज्यांनी भरलेली कवचरहित क्विश’. वाचून पाहिलं तर माझं मलाच खटकतं. क्विश म्हणायचं की कीश? तो, ती की ते? आणि याला साधा मराठी शब्द नाहीच का?”

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. ‘भाज्या’ सोडल्या तर त्या शीर्षकातला एकही शब्द जागेवर नाही. पण यातला प्रत्येक प्रश्न विचारण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उच्चार. तो ‘कीश’. फ्रेंचमध्ये क्यू आणि यू एकत्र आले की त्यांचा बहुधा नुसता ‘क’ होतो, त्यात ‘व’ येत नाही. आपल्याला गोव्यात हे नवीन वाटायचं कारण नाही. केपे गावाची रोमन लिपीतली पाटी पाहा. पोर्तुगीज वळणाचं ते स्पेलिंग क्यू-यू-नेच सुरू होतं आणि तरी कुणी ‘क्वेपे’ म्हणत नाही. शेवटच्या सी-एचचा फ्रेंचमध्ये ‘श’ होतो, आजच्या पोर्तुगीजमध्येही ‘श’च होतो. जुन्या पोर्तुगीजमध्ये मात्र तो ‘च’ होता आणि त्याच काळात आपण किल्लीसाठी त्यांचा शब्द उचलला, म्हणून आपल्याकडे ती ‘चावी’ झाली. आज घेतला असता तर कदाचित ‘शावी’ म्हणत असतो.

लिंगाबद्दल माझं मत ठाम आहे: ती कीश. फ्रेंचमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे, पण ते माझं मुख्य कारण नव्हे. बाहेरून आलेल्या शब्दाचं मूळ लिंग मराठी विचारात घेतेच असं नाही. केक आपल्याकडे तो, पुडिंग ते, ऑम्लेटही ते. खरं कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपल्याकडे ‘कीस’ आहे आणि तो पुल्लिंगी आहे: बटाट्याचा कीस, दुधीचा कीस, गाजराचा कीस. तुमच्या पाककृतीत दुधी किंवा गाजर किसून पडणारच. ‘दुधीचा कीश’ असं छापलं की वाचणाऱ्या दहाजणी ती मुद्रणाची चूक समजतील आणि किसणी घेऊन बसतील. ‘दुधीचा कीस घातलेली कीश’ असं लिहिलं की घोटाळा मिटतो. दोन शब्द कानाला इतके जवळचे असले की लिंगच त्यांना वेगळं ठेवतं, म्हणून इथे ते जपायला हवं.

आता ‘कवचरहित’. कवच कासवाला असतं, नारळाच्या करवंटीलाही म्हणता येईल, योद्ध्याच्या अंगावर तर असतंच. लोणी आणि मैद्याच्या खुसखुशीत आवरणाला कवच म्हटलं तर दाताखाली काहीतरी टणक येणार असं वाटतं. आपल्याकडे त्या वस्तूला नेमका आणि रोजच्या वापरातला शब्द आहे: पारी. मोदकाची पारी, करंजीची पारी. आत काहीतरी धरून ठेवण्यासाठी पिठाची केलेली पातळ वाटी म्हणजे पारी. कीशची पारी वरून उघडी असते आणि भांड्याच्या तळाला व कडेला बसवलेली असते, एवढाच फरक. तेव्हा पारी वगळून केलेली ती ‘बिनपारीची कीश’. ‘कवचरहित’ वाचायला थांबावं लागतं, ‘बिनपारीची’ वाचताच कळतं.

पारी गेली की ‘भरलेली’ हा शब्दही गेलाच. मराठीत भरायचं म्हणजे पोकळीत भरायचं. भरली वांगी, भरली मिरची, भरलेलं पापलेट. इथे भरायला काहीच उरलेलं नाही, भाज्या मिश्रणात घातलेल्या आहेत. म्हणून ‘भाज्या घातलेली’ किंवा नुसतं ‘भाज्यांची’.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे आणि त्यासाठी मूळ पदार्थाकडे जावं लागतं. कीश ही फ्रान्सच्या ईशान्येकडच्या लॉरेन प्रांतातली. हा मुलूख फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरचा. त्याचा एक भाग १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला आणि पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे आला. तिथल्या बोलींत दोन्ही भाषांची सरमिसळ आहे आणि ‘कीश’ हा शब्द त्या बोलींतून फ्रेंचमध्ये शिरला. त्याचं नातं जर्मन ‘कूखन’शी, म्हणजे केकशी लावतात. सुरुवातीला खाली पावाच्या पिठाची पोळी असायची, वर अंडी, साय आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे. चीज नंतर आलं. म्हणजे शब्दाच्या मुळाशी जे आहे ते पीठ आहे, भाजलेली पारी आहे. ती काढून टाकल्यावर ज्यावरून नाव पडलं तीच गोष्ट राहत नाही. उरतं ते भाज्या घातलेलं, अंड्यांनी धरलेलं आणि सगळीकडून आच देऊन भाजलेलं काहीतरी. अशा पदार्थाला मराठीत नाव आहे. ते आहे भानोलं.

गोव्यात हा शब्द फारसा कानावर येत नाही. मुंबई-ठाण्याकडच्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) आणि पाठारे प्रभू घरांतला तो खास शब्द. भानवलं, भानोळं असंही म्हणतात. कोबीचं भानोलं म्हणजे बारीक चिरलेला कोबी, ओलं खोबरं, आलं-मिरची आणि बेसन एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात थापायचं आणि खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. कोलंबीचंही करतात. ओव्हन घरात आल्यापासून निखाऱ्यांची खटपट गेली, पण नाव आणि पदार्थ तेच राहिले. पारी नाही, भाजी भरपूर, तिला धरून ठेवणारं काहीतरी, वरून-खालून आच आणि शेवटी तुकडे कापून वाढायचं. तुमच्या पदार्थात यातलं सगळं आहे, फक्त बेसनाची जागा अंडी-दुधाने घेतली.

कुणी म्हणेल, बेसन गेलं तर भानोलं कसलं? मला तो आक्षेप टिकणारा वाटत नाही. आपल्या पदार्थांची बरीच नावं ते कशाचे आहेत यावरून नाही, तर कसे शिजले किंवा कोणत्या आकारात आले यावरून चालत आली आहेत. वडी बेसनाची असते, अळूची असते, नारळाची असते. घावन तांदळाचंही होतं आणि नाचणीचंही. तसंच अंड्यातलं भानोलं व्हायला काहीच हरकत नाही. वरून निखारे ही रीत आपल्या इथेही परकी नाही. कोकणात काकडीचं धोंडस याच पद्धतीने करत आले आहेत, आणि बेबिंकाचा एकेक थर वरच्या आचेवरच तांबूस होतो. आपल्या ओव्हनमध्ये खालची आणि वरची अशा ज्या दोन कॉइल असतात त्या हेच काम करतात.

‘अंड्याची पोळी’ किंवा ‘भाजीचं ऑम्लेट’ म्हटलं तर काय बिघडलं, असंही विचारतात. बिघडतं. पोळी पातळ असते, तव्यावर पसरते, खालून आच घेते आणि बहुधा उलटली जाते. गाड्यावरच्या रस ऑम्लेटमध्ये, म्हणजे वर रस्सा ओतलेल्या ऑम्लेटमध्ये, अंडं मऊ असतं, पण त्यात दूध नसतं किंवा असलं तर नावापुरतं. कीशमध्ये मात्र दूध बरोबरीचा भागीदार आहे. ढोबळ प्रमाण एका अंड्याला अर्धा कप दूध. बिनपारीची करताना तिला स्वतःच्या पायांवर उभं राहायचं असतं म्हणून दूध कमी करावं: ४ अंड्यांना साधारण १ ते सव्वा कप. म्हणजे खरं नातं ऑम्लेटशी नाही, गोव्यात घरोघरी होणाऱ्या कॅरामेल पुडिंगशी आहे. तिथे साखर, इथे मीठ-मिरी आणि चीज. अंडं दुधाला धरून ठेवतं, ते दोन्हीकडे एकच.

आता तुमच्या कृतीतल्या क्रियापदांकडे येतो, कारण तुम्ही पाठवलेल्या मजकुरात मला सगळ्यांत जास्त काम तिथे दिसलं. तुम्ही भाज्यांबद्दल सरसकट ‘पाणी काढून टाकावे’ लिहिलं आहे. या पदार्थाची सगळी मदार याच वाक्यावर आहे. भाज्यांत पाणी राहिलं तर ते भाजताना सुटतं, अंड्याला धरू देत नाही आणि भांड्याच्या तळाशी साचतं. पण प्रत्येक भाजीतून पाणी वेगळ्या तऱ्हेने जातं आणि प्रत्येक तऱ्हेला आपल्याकडे वेगळं क्रियापद आहे. दुधी किंवा गाजराचा कीस मीठ लावून दहा मिनिटं ठेवला की त्याला पाणी ‘सुटतं’, मग तो मुठीत ‘पिळायचा’. पालेभाजी आधी परतून, गार करून पिळायची. पावसाळ्यात अळंबी घातली तर तिचं पाणी कढईतच ‘आटवायचं’; आधी कढई पाण्याने भरते, मग चुरचुर थांबते आणि अळंबीच्या कडा तांबूस होऊ लागतात, तोवर परतत राहायचं. टोमॅटो बिया काढून चाळणीत ‘निथळत’ ठेवायचे. पिळणं, आटवणं, निथळणं ही तीन वेगळी कामं आहेत. ‘पाणी काढून टाकावे’ म्हटल्यावर नवखी बाई सगळ्या भाज्या चाळणीत टाकेल आणि कीश पाणचट होईल. इथे शब्द नेमका असला तरच पदार्थ जमतो.

तांबडी भाजी घालणार असाल तर एक ओळ जास्त लिहा. पिळून घेतली तरी ती रंग सोडते आणि अंड्याचं पिवळसर मिश्रण गुलाबी होतं. चवीला काही होत नाही, पण आधी सांगितलेलं बरं. कोबी, मटार, सिमला मिरची, मक्याचे दाणे यांनी रंग जसाच्या तसा राहतो. (कोबी हा शब्दही पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आला. आज तो कुणाला परका वाटतो?)

‘टिन ग्रीस करावा’ याऐवजी ‘भांड्याला लोण्याचा हात फिरवावा’. ‘प्रीहीट’ऐवजी ‘ओव्हन आधी तापवून घ्यावा’. ‘बेक करणे’ मात्र मी खोडणार नाही. ‘भाजणे’ बरोबर आहे, पण भाजण्यात कांदाही भाजतो, रवाही भाजतो; ओव्हनमधल्या कामाला ‘बेक’ हा शब्द घराघरांत रुजला आहे आणि त्याने कुणाचा गोंधळ होत नाही. रुजलेला शब्द उपटून काढण्यात मला अर्थ दिसत नाही. जिथे आपला शब्द जास्त नेमका आहे तिथेच तो आणायचा.

‘सेट होईपर्यंत’ या शब्दांबाबत मात्र तसा आग्रह धरावासा वाटतो. दही लागतं, तूप थिजतं, पाणी गोठतं, पाक आळतो. अंडं आचेवर ‘आवळून येतं’, आणि ते शब्दशः खरं आहे. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात, एकमेकांत अडकून जाळी करतात आणि त्या जाळीत दूध अडकतं. नुसतं पांढरं ६० ते ६५ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतं, पिवळं ६५ ते ७० च्या दरम्यान, आणि दूध मिसळलं की हा आकडा वर सरकून ८० च्या जवळ जातो. त्याहून फार पुढे गेलं की जाळी इतकी आवळते की दूध पिळून बाहेर पडतं. मग आपण म्हणतो ‘फाटलं’. म्हणून ओव्हन १७० ते १८० अंशांवर ठेवून ३० ते ३५ मिनिटांनी बघायला लागावं. असं लिहा: ‘कडा आवळून आल्या आणि भांडं हलवल्यावर मधला भाग जरासा थलथलला की बाहेर काढावं.’ मध्यभागही पूर्ण घट्ट व्हायची वाट पाहिली तर तोवर कडा फाटलेल्या असतात. बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेने मधला भाग आपोआप आवळतो. खरवस करणाऱ्या घरात हे सांगावं लागत नाही. सुरीचं टोक घालून स्वच्छ निघालं की झाला, ही परीक्षा इथेही लागू पडते, फक्त ती मध्यावर न करता कड आणि मध्य यांच्या अधेमधे करायची.

तर शीर्षक मी असं करेन: ‘भाज्यांचं अंड्यातलं भानोलं’, आणि खाली पहिल्याच ओळीत, ‘फ्रान्सकडच्या कीशचा हा बिनपारीचा प्रकार’. पुस्तिका वाचणाऱ्या ज्या मुलींना हॉटेलातली कीश माहीत आहे त्यांना ओळख पटेल, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना शीर्षकावरूनच कळेल की हातात काय येणार आहे. पारीसकट करत असाल तर मात्र तिला बिनदिक्कत कीशच म्हणा. तो पदार्थ आपल्याकडचा नाही आणि त्याचं नाव त्याच्याकडेच राहू द्यावं.

एक शेवटचं. तुम्ही लिहिलंय ‘काप करून गरमागरम सर्व्ह करावे’. गोव्यात ‘काप’ म्हटलं की नीरफणसाचे किंवा सुरणाचे, रवा लावून तळलेले काप डोळ्यांसमोर येतात. इथे ‘तुकडे करून वाढावे’ असं लिहा. आणि ‘गरमागरम’ काढाच. ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्यायला हवी, नाहीतर सुरी फिरताच तुकडा मोडतो.