बाळंतपणातील निष्काळजीपणा : दाद कुठे मागावी?

प्रश्न : आमच्या मुलीचा जन्म तालुक्याच्या गावी एका खाजगी प्रसूतिगृहात झाला. रात्रभर कळा चालू असूनही डॉक्टर पहाटेपर्यंत आले नाहीत. बाळ जन्मल्यावर रडले नाही, म्हणून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवावे लागले. अकराव्या महिन्यात सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार) निदान झाले. आता मुलगी एकोणीस महिन्यांची आहे आणि अजून बसत नाही. आम्ही पोलिसांत तक्रार करावी की न्यायालयात जावे? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : पोलिसांत जाण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मी सुचवेन. डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करण्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असावा लागतो, आणि त्याआधी शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरांचे स्वतंत्र मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे. शिवाय मुलीच्या उपचारांसाठी पैसा उभा राहावा हा तुमचा हेतू असेल, तर तो त्या मार्गाने सहसा साधत नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही तक्रार करता येते. परिषद डॉक्टरांची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते, पण नुकसानभरपाई देऊ शकत नाही. पैसे देऊन घेतलेले उपचार ही कायद्याने ‘सेवा’ ठरते, म्हणून भरपाईसाठी ग्राहक आयोग हाच तुमचा मुख्य मार्ग आहे.

आधी कागद मिळवा. डिस्चार्ज कार्ड एवढेच हातात असेल तर ते पुरणार नाही. इनडोअर केस पेपर, प्रसूतीची प्रगती नोंदवणारा पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, परिचारिकांच्या वेळेसह नोंदी आणि एनआयसीयूची संपूर्ण फाइल यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, मात्र रुग्णालयावर ते जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचेच आहे.

या कागदांवर इतका भर देण्याचे कारण असे की सेरेब्रल पाल्सी झालेल्या प्रत्येक मुलामागे प्रसूतीतील चूक असतेच असे नाही. बहुतेक मुलांमध्ये कारण गर्भारपणातील गुंतागुंत, मुदतपूर्व जन्म किंवा जंतुसंसर्ग अशा ठिकाणी सापडते, आणि समोरचे वकील नेमके हेच मांडतील. म्हणून बाळाला प्रसूतीच्या वेळीच प्राणवायू कमी पडला होता का, हे पाहावे लागते. जन्मतःचा ॲपगार गुणांक (बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल पाहून दिलेले गुण), नाळेच्या रक्तातील आम्लता, पहिल्या दिवसांतील झटके आणि मेंदूचा एमआरआय यांवरून तज्ज्ञ ते सांगू शकतात. त्यानंतरचा प्रश्न वेळेचा. ठोके कधी मंदावले, डॉक्टरांना कधी कळवले, ते कधी पोहोचले, सिझेरियनचा निर्णय का झाला नाही? वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे न्यायालय मानत नाही. त्या वेळी सर्वसाधारण कुशल डॉक्टराने जे केले असते ते इथे का झाले नाही, हे दाखवावे लागते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले असले तरी तुमच्यासारख्या प्रकरणात दुसऱ्या प्रसूतितज्ज्ञाचे आणि बालमेंदूविकारतज्ज्ञाचे लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुदतीबाबत सावध राहा. ग्राहक कायद्यात तक्रारीसाठी २ वर्षे मिळतात. दोष उशिरा लक्षात आल्यास मुदत तेव्हापासून मोजता येते हे खरे, पण गोव्यातील एका परिचारिकेच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व मान्य करूनही, तिने वर्षानुवर्षे त्रास होत असताना चौकशी केली नाही म्हणून तिची तक्रार फेटाळली. तेव्हा निदानाच्या तारखेवर विसंबू नका. मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आत तक्रार दाखल करा. उशीर झालाच तर कारणांसह विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, मागितलेली भरपाई कितीही असो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.

भरपाई मागताना पुढील आयुष्याचा हिशेब मांडा. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली मुदतपूर्व जन्मलेल्या मुलीची डोळ्यांची तपासणी वेळेवर न झाल्याने तिची दृष्टी गेली. त्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ५ लाख रुपये दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महागाई धरून ती रक्कम सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेली. म्हणून फिजिओथेरपीची बिले, प्रवासखर्च, आईने सोडलेली नोकरी, सगळ्याची नोंद ठेवा. खटला वर्षानुवर्षे चालतो, तोवर उपचार थांबवू नका; जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र, दिव्यांग प्रमाणपत्र आणि १ लाखापर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना यांसाठी आताच अर्ज करावा.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात मोफत बाळंतपण झाले असेल तर? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : कोणाकडूनच पैसे न घेणारे रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालात ठरले; पण काही रुग्णांकडून शुल्क घेतले जात असेल, तर मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. पूर्ण मोफत रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. दिवाणी दाव्यात मुलाच्या नावे मागितलेल्या भरपाईची मुदत ते सज्ञान होईपर्यंत सुरू होत नाही, पण तेवढी वर्षे थांबल्यास साक्षीदार आणि कागद दोन्ही हातचे जातात.