पाणी, लिफ्ट आणि कडक भाकरी

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे. बाळीवेशीजवळ आमचं जुनं माळवदाचं घर आहे. मिस्टर गेल्यापासून मी एकटीच राहते. मुलगा पुण्यात, मुलगी लातूरला. मुलगा म्हणतो, घर विकून जुळे सोलापुरात फ्लॅट घे, म्हणजे माझी काळजी मिटेल. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, त्यावर माझं भागतं. फ्लॅटमध्ये खरंच काही फायदा असतो का? माणूस कोंडल्यासारखा होतो म्हणतात. शिवाय दर महिन्याला मेंटेनन्स भरायचा, तो कशाचा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पाणी सोडायच्या दिवशी तुमच्याकडे काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही. पण मी शुक्रवार पेठेत वाढलेली, मला सांगायला नको. उजनीचं पाणी आपल्याकडे वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय. कधी पहाटे, कधी रात्री बाराला. नळ गुरगुरला की घरातल्या कुणीतरी उठायचं, मोटार लावायची, हौद, पिंप, घागरी, सगळं भरून घ्यायचं. घरात चार माणसं असली की निभतं. तुम्ही एकट्याच अंधारात ओल्या फरशीवरून मोटारीच्या बटणापर्यंत जाता, हे माझ्या मनाला पटत नाही.

मी आता विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहते. पाणी कधी आलं, ते मला कळतही नाही. खाली जमिनीत मोठी टाकी आहे. वॉचमन व्हॉल्व्ह उघडतो, पंप गच्चीवरच्या टाक्या भरतो आणि सकाळी नळाला धार असते. सोबतीला बोअर आहे. मे महिन्यात बोअर आटला तर टँकर येतो आणि त्याचं बिल सगळ्या घरांत वाटलं जातं. तुम्ही टँकर मागवलात तर अख्खं बिल तुमचं. बाळीवेशीच्या बोळात तो शिरेल की नाही, ही पंचाईत वेगळीच.

मेंटेनन्स जातो तो इथं. वॉचमनचा पगार, पंपाची आणि जिन्यातल्या दिव्यांची वीज, लिफ्टची देखभाल, टाकी धुणं, झाडलोट, तुंबलेली गटार. यातलं पाणी, वीज, गटार तुम्ही आताही करताच, फक्त त्याची पावती कुणी देत नाही. गेल्या पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती चढवायला गड्याला काय दिलंत, ते जरा आठवा. सोसायटीत दुरुस्तीसाठी निधी आधीपासून साठवावा लागतो. इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्तीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीला, असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत आहे. ज्या सोसायट्या हे गोळा करत नाहीत त्यांचा मेंटेनन्स कमी दिसतो. त्याला भुलू नका. गच्ची गळायला लागली की तिथं एकदम मोठी वर्गणी काढतात आणि निम्मे लोक देत नाहीत.

आमच्या सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवलंय. सोलापूरला ऊन काय कमी आहे का! केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलंय. पंप आणि लिफ्टचं बिल त्यामुळे बरंच खाली आलं. एकेकट्यानं हे करायचं म्हटलं तर चार जणांचे उंबरे झिजवावे लागतात. इथं सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि काम सुरू झालं. सभेत आवाज चढले, ते सोडा.

उन्हाचं मात्र तुमचं माळवद जिंकतं. मातीचं जाड छत मे महिन्यातही गार राहतं. फ्लॅटमध्ये अगदी वरचा मजला घेतलात तर स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. मधला मजला बघा, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे कुणीतरी राहत असतं आणि ऊन थेट तुमच्या डोक्यावर येत नाही. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला असेल तर तो फ्लॅट सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

कोंडल्यासारखं होतं का? दार लावून टीव्हीसमोर बसलं तर होतं. आमच्या मजल्यावर समोर तेलुगू बोलणारं पद्मशाली घर, शेजारी कन्नड बोलणारं. मला दोन्ही भाषा येत नाहीत, पण वाटीभर आमटी इकडून तिकडे जायला भाषा लागत नाही. संध्याकाळी पार्किंगजवळच्या बाकावर बायका बसतात, आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते मला नको असलं तरी कळतं! एकदा रात्री मला चक्कर आली, तेव्हा समोरच्या अक्कांनी वॉचमनला रिक्षा आणायला पिटाळलं आणि त्या रात्रभर दवाखान्यात बसल्या. माझा मुलगा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुण्याला जायचं झालं तर कुलूप लावून निघता येतं, हेही आहे. तुमच्या घरी आता कुणाला झोपायला बोलावता?

आता भाकरीचं. इथं मी तुम्हाला सावध करणार. कडक भाकरी म्हणजे पहाटे थापणं आलं, आणि थापण्याचा आवाज खालच्या घरात नीट ऐकू येतो. दहा-वीस भाकरींना कुणी काही म्हणत नाही. रोज शंभर-दोनशे करत असाल तर तळमजला घ्या, किंवा असा फ्लॅट जिथं तुमच्या ओट्याखाली पार्किंग आहे. फ्लॅट राहण्यासाठी असतो. तिथं धंदा दिसण्याइतका वाढला, गिऱ्हाईक जिन्यात उभं राहायला लागलं, सिलिंडर ओळीनं लागले, तर सोसायटी हरकत घेऊ शकते आणि तिचं चूक नसेल. म्हणून आधीच सेक्रेटरींना भेटा, काय करता ते सांगा, जमलं तर लेखी होकार घ्या. अन्न सुरक्षेची नोंदणी असेल तर तिच्यावरचा पत्ता बदलून घ्या. भाकरी सुकवायला गच्ची मिळेल का, हेही विचारा. गच्ची सगळ्यांची असते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कुरडया-सांडग्यांसाठी वार ठरवून घेतात. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे : एवढी घरं एका जिन्यात म्हणजे बसल्या जागी गिऱ्हाईक. शेंगाचटणीचा डबा पहिल्या मजल्यावर उघडला की तिसऱ्या मजल्यावर वास येतो.

तरी मी तुम्हाला आज घर विकायला सांगणार नाही. मुलाला म्हणावं, आधी जुळे सोलापुरात ११ महिन्यांच्या करारानं भाड्याचा फ्लॅट बघ. एक उन्हाळा तिथं काढा. तोवर घराचे कागद नीट करा. घर मिस्टरांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर वारस म्हणून तुम्ही, मुलगा आणि मुलगी सारख्याच हक्काचे. सासूबाई हयात असतील तर त्याही. मुलीची सही लागणारच, मग ती उशिरा का मागायची? मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसांची नावं लावून घ्या. पुढं फ्लॅट घ्यायचा ठरला तर तो तुमच्या नावावर घ्या, मुलाच्या नाही. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हे मुलाला सांगायला चांगलं कारण आहे.

फ्लॅट बघताना टाइल्स आणि बाल्कनी नंतर. आधी महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला मागा. नवी इमारत ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटची असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जुनी इमारत असेल तर सोसायटीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद बघा आणि वॉचमनला विचारा, टँकर किती येतात. तो खरं सांगतो.

गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. नंदीध्वज जुळे सोलापुरात येणार नाहीत. तेवढे दिवस बाळीवेशीतल्या शेजारणीकडे राहायला जा, अक्षता सोहळा बघा आणि मग परत या.

प्रश्न : मी तळमजल्यावर राहतो. लिफ्ट वापरत नाही. तरी कमिटी लिफ्टचे पैसे मागते. द्यायचे का?
— एक निवृत्त शिक्षक, होटगी रोड

उत्तर : मालक, द्यायचे. तुमच्या इमारतीला लिफ्ट असेल तर वापरा की न वापरा, तिचा खर्च सगळ्या सभासदांवर सारखा, असं गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधीत स्पष्ट आहे. एक गोष्ट मात्र तपासा : तुमची इमारत सोसायटी म्हणून नोंदलेली आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली? अपार्टमेंट असेल तर सामाईक खर्च इमारतीच्या नोंदलेल्या घोषणापत्रात लिहिलेल्या हिश्श्याप्रमाणे वाटतात, सरसकट सारखा नाही. आकडा थोडा बदलेल, पण शून्य होणार नाही.

प्रश्न : बिल्डर उघड्या आवारातल्या पार्किंगचे वेगळे पैसे मागतोय. नाही दिले तर गाडी लावू देणार नाही म्हणतो.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : देऊ नका. उघडं आवार सामाईक असतं, ते विकायचा अधिकार बिल्डरला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे सांगितलंय. तोंडी वाद घालत बसू नका. ‘पार्किंगसाठी अमुक रुपये’ अशी लेखी मागणी द्या म्हणावं, म्हणजे ती जोडून महारेराकडे तक्रार करता येईल. बहुतेक बिल्डर तसा कागद देत नाहीत, आणि मग मागणीही बंद होते.