खंदक, खाई की चर?

प्रश्न असा आहे: मदिनेच्या वेढ्याबद्दल लिहिताना 'खंदकाची लढाई' म्हणावं, 'खाईची' की 'चराची'? आणि खंदक हा शब्द 'खणणे'वरूनच आला ना?

खंदकाचीच म्हणावं. अरबीत त्या लढाईच्या नावात 'खंदक' हाच शब्द आहे आणि मराठीतही तो चांगला रुळलेला आहे, मग बदलायचा कशाला?

व्युत्पत्ती मात्र जरा वळणाची आहे. मराठीला हा शब्द फारसीकडून मिळाला, फारसीत तो अरबीतून आला, आणि अरबीने तो मुळात जुन्या इराणी भाषेतूनच उचलला होता. पहलवीत, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या भाषेत, 'कंदग' म्हणजे खणलेलं. आजच्या फारसीतही 'कंदन' म्हणजे खणणं. हा इराणी 'कन्' आणि संस्कृतचा 'खन्' एकाच मुळाचे. तेव्हा खंदक हा 'खणणे'चा मुलगा नव्हे, लांबचा चुलतभाऊ.

शब्द इराणी आणि युक्तीही इराणी, म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं. इ.स. 627, म्हणजे हिजरी 5. परंपरेने दिलेला आकडा असा, की मक्केचे सरदार अबू सुफियान सुमारे दहा हजारांची फौज घेऊन मदिनेवर निघाले आणि शहरात लढणारे होते तीन हजारांच्या आसपास. मुहम्मद पैगंबरांनी सगळ्यांशी मसलत केली. त्या वेळी सलमान फारसी म्हणाले, आमच्याकडे घोडदळाची भीती असली की आम्ही खंदक खणतो. सलमान इराणचे, गुलामीतून नुकते सुटलेले. त्यांच्या पाठीशी ना टोळी ना घराणं, तरी सल्ला मानला गेला. नेतृत्वाबद्दल लिहिणारे बहुधा इथेच थांबतात. मला त्यापुढचं नियोजन जास्त मोलाचं वाटतं. लाव्हाचे खडकाळ पट्टे, खजुरीच्या बागा आणि दाटीची घरं यांमुळे शहराच्या बाकीच्या बाजू घोडदळाला अवघड होत्या. मोकळी होती ती मुख्यतः उत्तर, म्हणून खणायचं तेवढ्याच बाजूला. दर दहा माणसांना चाळीस हात खणायला वाटून दिले होते आणि पैगंबर स्वतः माती वाहत होते. शेतातलं पीक आधीच घरात आलेलं, त्यामुळे वेढा घालणाऱ्यांच्या घोड्यांना वैरणीची पंचाईत झाली. शत्रूकडचे अम्र बिन अब्द वुद्दसारखे मोजके स्वार एका अरुंद जागेवरून उडी मारून आत आले. अम्र पैगंबरांचे जावई अली यांच्या हातून मारले गेले. पुढे वेढा घालणाऱ्या दोस्तांत फूट पडली, थंडी-वाऱ्याचा मारा झाला आणि वेढा उठला.

तरीही सलमाननीच हा शब्द अरबीत आणला असं लिहू नका. इराकात सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणी घराण्यातल्या, राजा शापूरच्या नावाने ओळखला जाणारा खंदक इस्लामपूर्व काळातला आहे. तिथल्या अरबांच्या कानावर शब्द आधीच पडला असणार.

आता पर्यायांचं. 'खाई' म्हटली की दरी, किंवा 'विनाशाची खाई' डोळ्यांपुढे येते. संरक्षणासाठी मुद्दाम खणल्याचा अर्थ त्यात ठसत नाही. 'चर' लहान. डोंगरउतारावर पाणी मुरवायला खणतात ते सलग समतल चर. त्यांना कोणी खंदक म्हणत नाही. 'परिखा' अर्थाला अचूक आहे, पण आज पुस्तकातच राहिला. अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) भुईकोट पाहिलेल्यांना खंदक म्हणजे पाणी भरलेला असंच वाटतं, पण पाणी ही अट नाही. मदिनेचा खंदक कोरडाच होता. तेव्हा लेखात 'पाण्याने भरलेला' हे विशेषण आलं असेल तर तेवढं काढून टाका.