‘पोटात काही जातच नाही हो त्याच्या’

दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींचं पहिलं वाक्य हेच असतं. काही महिन्यांपूर्वी आलेल्या एका आईनेही तिथूनच सुरुवात केली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा सव्वादोन वर्षांचा. वर्षाचा होईपर्यंत समोर येईल ते खायचा. दीड वर्षानंतर एकेक पदार्थ बंद होत गेला. आधी भाज्या, मग अंडं, मग दही. आता फक्त मऊ भात, केळं, बिस्किटं आणि दूध. घास पुढे आला की ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. बळेच भरवला तर थुंकायचा. एकेक जेवण तासभर चालायचं. मोबाइल समोर धरला की त्या नादात चार घास आत जायचे, म्हणून मोबाइल ठरलेलाच. हे सगळं सांगून झाल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, “घरात सगळे म्हणतात, हिला भरवताच येत नाही.”

ते वाक्य मला मुलाच्या न खाण्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. प्रत्येक नाकारलेला घास ही आई स्वतःवरचा ठपका म्हणून मोजत होती. अशा मनःस्थितीत कोणाचाही हात सैल राहत नाही.

आधी आम्ही वाढीचा तक्ता पाहिला. त्याचं वजन आणि उंची दोन्ही आपापल्या रेषेला धरून वाढत होती. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मावेळच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे सहा-सात किलोंची भर पडते. दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतात. वाढीचा वेग कमी झाला की भूकही उतरते. त्यातच या वयात अनोळखी पदार्थांची भीती डोकं वर काढते आणि कालपर्यंत आवडीने खाल्लेलंही नकोसं होतं. हे ऐकताना तिचे खांदे जरा खाली आले.

मग तिला एक काम दिलं. आठवडाभर त्याच्या पोटात जे जे जाईल ते वेळेसकट लिहून ठेवायचं, पाण्याशिवाय सगळं. पुढच्या भेटीत ती वही घेऊन आली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “मॅडम, हा दिवसभर पितोच आहे.” दूध दिवसाला पाऊण लिटरच्या वर जात होतं. जेवला नाही की ‘निदान दूध तरी’, रडला की ‘निदान बिस्किट तरी’. जेवायला बसवेपर्यंत भूक उरतच नव्हती. या वयाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरतं. त्याहून जास्त झालं तर भूक मारली जाते. शिवाय दुधात लोह अगदी कमी असतं आणि दुधामुळे इतर अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन थोडं कमीच निघालं, आणि त्यांनी लोहाचं औषध सुरू केलं.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. एका वेळी दोन घास, तर दुसऱ्या वेळी वाटीभर भात. पण दिवसाची बेरीज फारशी बदलत नव्हती. लिअ‍ॅन बर्च या संशोधिकेने १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांबाबत हेच नोंदवलं होतं: प्रत्येक जेवणात खूप चढउतार, पण दिवसभराची एकूण ऊर्जा बऱ्यापैकी स्थिर. म्हणून मी आईवडिलांना एका ताटावरून निष्कर्ष काढू देत नाही.

नंतर मी विचारलं, “तो जेवतो तेव्हा तुम्ही काय करता?”

“भरवते.”

“आणि तुमचं जेवण?”

“त्याचं झाल्यावर. सगळ्यांचंच नंतर.”

म्हणजे तो एकटा जेवत होता आणि मोठी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. भाजी खाणारं माणूस त्याला दिसतच नव्हतं! माझ्या मते त्या घरातली खरी अडचण ही होती.

आम्ही एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी मांडलेली विभागणी धरून चालायचं ठरवलं. काय, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. तीन जेवणं, मधे दोन वेळा थोडं खाणं, त्यांच्यामध्ये फक्त पाणी. सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. ताटात त्याच्या ओळखीचं काहीतरी हवंच, बाजूला नवं चमचाभर. ‘एकच घास’ नाही, शाबासकी नाही, ‘भाजी संपव मग चॉकलेट’ तर मुळीच नाही. अर्ध्या तासाने ताट शांतपणे उचलायचं.

पहिले काही दिवस अवघड गेले. “रात्री काहीच न खाता झोपला,” असा आईचा फोन आला. तिचा आवाज ऐकून मलाही वाईट वाटलं, पण वाढ चांगली असलेल्या मुलाला एखादं जेवण चुकल्याने धोका नसतो. सकाळी त्याने स्वतःहून खायला मागितलं. आजींना मात्र हे बघवत नव्हतं. त्यांच्या जिवाची घालमेल मला समजत होती. त्यांना म्हटलं, “आजी, तुम्ही फक्त त्याच्या शेजारी बसून चवीने जेवा. एवढं तुम्ही कराल?” त्या खरंच बसू लागल्या. एके दिवशी त्याने त्यांच्या ताटातला शिजलेला गाजराचा तुकडा उचलला, चाटला आणि परत ठेवला. “चाटून टाकून दिला हो,” आई हिरमुसून म्हणाली. मला तर आनंद झाला. हात लावणं, वास घेणं, चाटणं, तोंडात घालून बाहेर काढणं या खाण्याआधीच्याच पायऱ्या आहेत. एखादा पदार्थ स्वीकारायला मुलाला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. बरेच पालक तीन-चार नकारांनंतर ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारतात.

तीन महिन्यांनी अंडं आणि दही परत आलं, गाजर चालू लागलं. पालेभाजीला अजून हात लागलेला नाही. जेवण अर्ध्या तासात आटोपतं आणि आई गरम जेवते.

पण प्रत्येक न खाणं असं साधं नसतं. वजन थांबलं किंवा उतरलं, घास गिळताना वारंवार ठसका किंवा उलटी होत असेल, मूल फिकट आणि मलूल दिसत असेल, बद्धकोष्ठ हटत नसेल, माती-खडू खात असेल, मोजकेच पदार्थ उरून तेही एकेक सुटत असतील, तर घरचे उपाय करत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना आठवड्याची वही सोबत न्या.