तिचा डबा अजून माझ्याकडेच आहे

ताई, चार महिन्यांपूर्वी माझी जिवलग मैत्रीण गेली. गेली म्हणजे मारली गेली. नवऱ्यावर खुनाचा गुन्हा आहे, तो कोठडीत आहे. वर्षभर ती मला मेसेजवर सगळं सांगत होती, मारहाण, धमक्या. मी पोलिसांना अजून काही सांगितलेलं नाही. घरचे म्हणतात, 'तू कोण लागतेस तिची? कशाला कोर्टकचेरीत पडतेस?' ऑफिसात रजा मागितली तर तिथेही 'नात्यातलं कोण?' तिने चटणी दिलेला स्टीलचा डबा माझ्याकडे आहे. तिच्या आईला द्यायचाय, पण पाय उचलत नाही. त्याला शिक्षा झाली की हे सगळं थांबेल का?
– एक मैत्रीण, कोल्हापूर

अगं,

आपल्याकडे सुतक धरायला भाऊबंदकी लागते. मैत्रिणीला ना सुतक, ना रजेच्या अर्जात रकाना. कायद्यातल्या 'पीडित' या शब्दातही कायदेशीर वारस येतो, मैत्रीण येत नाही. म्हणून तू चार महिने डोळे पुसून कामावर जात राहिलीस. रजा देताना नातं विचारणाऱ्याला मात्र माझ्याकडून दोन शब्द ऐकव.

पण साक्षीदाराला कुणी नातं विचारत नाही. मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूपर्यंत नेणाऱ्या परिस्थितीबद्दल जे सांगितलं, ते आपल्याकडे पुरावा म्हणून वाचता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६ बघ. पुण्यातल्या एका विवाहितेने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशीच पुराव्यात धरली. अर्धंच सांगून तुला फसवणार नाही: त्या खटल्यात आरोपी सुटला, कारण बाकीच्या पुराव्याची साखळी जुळली नाही. तुझे मेसेज म्हणजे साखळीतली एक कडी, एवढंच. पण ती तुझ्याचकडे आहे.

तेव्हा तपास अधिकाऱ्याला भेट आणि जबाब दे. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब नोंदवता येतो का, हेही विचार. एकही मेसेज पुसू नकोस, फोन बदलू नकोस, आणि स्क्रीनशॉट गावभर फिरवू नकोस, वकील तेच उलटं वापरतात. त्याच्या माणसांची भीती वाटत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, २०१८ पासून. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. घरच्यांची भीती खोटी नाही, म्हणून हे त्यांनाही वाचून दाखव.

शिक्षेने थांबेल का, म्हणतेस. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष असलेल्या खटल्याला पावणेअकरा वर्षं! तुझं रडणं त्या तारखेपर्यंत तुंबवून ठेवलंस तर तुझं काय होईल? न्याय माग, जरूर माग, पण जेवण, झोप, हसणं त्याच्याकडे गहाण टाकू नकोस. रात्र अंगावर येईल तेव्हा १४४१६ ला फोन कर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता डबा. चटणी संपून कितीतरी दिवस झाले असतील, तरी तू तो घासून पुसून ठेवला असशील, मला खात्री आहे. रिकामा डबा परत करायचा नाही हे तुलाही माहीत आहे, आणि बहुतेक तिथेच तू अडली आहेस: त्या घरात न्यायचं तरी काय? गोड नको. खटल्याची पुढची तारीख तिच्या आईला विचारून घे. त्या दिवशी ती बाई सकाळी उपाशी निघेल आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहील. पोळ्या, कोरडी बटाट्याची भाजी, थोडी शेंगदाण्याची चटणी भर आणि कोर्टातच जा. शेजारी बस. बोलायला काही सुचलं नाही तर डबा उघड.

– ताई