बी-१२ कमी आलं, फोलिकची गोळी उशिरा सुरू झाली, आता बाळाला काही होईल का?

हा प्रश्न घेऊन इतक्या जणी येतात की एकदा लिहूनच टाकते. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सातपूरची मुलगी, नवरा एमआयडीसीत शिफ्टला. सोनोग्राफीत नववा आठवडा, पाळी आधीपासून अनियमित म्हणून दिवस गेलेत हेच उशिरा कळलं, फोलिकची गोळी नुकतीच सुरू, आणि बी-१२ आलं १४०, म्हणजे कमीच. वर सासूबाईंचं, "तुझ्या उपासांनीच झालं हे." ती रडतेय आणि नवरा मोबाईलवर पाठीवर गाठ असलेल्या बाळांचे फोटो बघत बसलाय. आधी मोबाईल खिशात ठेवायला लावला.

मग आहे ते सरळ सांगितलं. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर कित्येकींना पाळी चुकलीय एवढंच कळलेलं असतं, म्हणून तर ४०० मायक्रोग्रॅम फोलिक निदान महिनाभर आधीपासून घ्यायला सांगतात. त्या नळीसाठी आता उशीर झालाय, हो. पण गोळी चुकली म्हणजे व्यंग आलंच असं अजिबात नाही, ही नळी नीट बंद न झाल्याचे दोष (ती पाठीवरची गाठ त्यातलीच) आपल्या देशात हजारात चार-पाच बाळांत दिसतात, म्हणजे गोळी न घेतलेल्यांचीही बहुतेक बाळं ठणठणीतच असतात ना. गोळी चालू ठेवायची, रक्त वाढायला लागतेच.

बी-१२ चं म्हणाल तर फोलिक आणि ते जोडीनं काम करतात, बी-१२ कमी असेल तर धोका वाढतो, पण तो आकडा म्हणजे बाळाचा रिपोर्ट नव्हे. इंजेक्शन की गोळी ते डॉक्टर ठरवतील. नुसतं फोलिक वाढवून बी-१२ तसंच सोडलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहू शकतं.

"मॅडम, मग सगळ्याच गोळ्या डबल घेऊ?" अगं नको! व्हिटॅमिन ए जास्त झालं तर उलट त्यानेच व्यंगाचा धोका असतो. पिंपल्सची गोळी, फिटचं औषध, शुगर, आधीचं असं बाळ, सगळं विचारलं, काहीच नव्हतं. यातलं काही असतं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं, कारण तिथे फोलिकचा डोसच वेगळा लागू शकतो, आणि पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइन तर गरोदरपणात चालतच नाही.

आता करायचं काय, तर ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी आणि १८ ते २० मधला ॲनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारी सोनोग्राफी), दोन्ही चुकवायचे नाहीत. मणका तिथे नीट बघतात.

सासूबाईंसाठी नवऱ्याला म्हटलं, अख्खं घर शाकाहारी, बी-१२ भाजी-भाकरीत नसतंच, दूध-दह्यात असतं पण ते घरात कितीसं पोटात जातं, त्यांचंही तपासून घ्या. तो पहिल्यांदा हसला. जाता जाता विचारतो, बहिणीचं लग्न आहे दिवाळीनंतर, तिला आत्ताच सांगू का? म्हटलं, लगेच मूल हवं असेल तर आत्ताच, आणि बी-१२ पण तेव्हाच तपासायला सांग.